कादंबरीचा पहिला खर्डा झालाय, आता कोणत्या कार्यशाळेत जायचं? (नागपूर)

गोळीबार_चौक:
नमस्कार मंडळी. मी नागपूरचीच, नोकरी करते आणि बऱ्याच दिवसांपासून रात्री बसून एक कादंबरी लिहून राहिली आहे. विषय आपल्या इकडचाच आहे, एम्प्रेस मिलमधला एक जॉबर (कामगारांवरचा मुकादम), त्याची बायको घरी हातमागावर, आणि मिल बंद पडल्यावर त्या घराचं काय होतं ते. पहिला खर्डा पूर्ण झालाय, साधारण सत्तर हजार शब्द असतील.

आता अडचण अशी की कादंबरी लेखनाची शिबिरं म्हणून जी होतात ती जवळपास सगळी 'सुरुवात कशी करायची' यावरच असतात. अशा एका शिबिराला मी गेले होते, नाव नाही सांगत. एकाच हॉलमध्ये कॉलेजची पोरं ज्यांनी अजून एक पान लिहिलं नाही, माझ्यासारखे खर्डा घेऊन आलेले आणि दोन-तीन पुस्तकं छापून झालेले, सगळे एकत्र. व्याख्यानं मनापासून दिलेली होती, पण व्यक्तिरेखा म्हणजे काय आणि कथानक म्हणजे काय हे ऐकून माझं जे मधल्या भागात अडलंय ते कसं सुटणार? प्रश्नोत्तराचा वेळ आला तर अर्धे प्रश्न प्रकाशक कसा गाठायचा यावरच गेले.

तर माझ्यासारख्या टप्प्यावर असलेल्यांना नेमका कशाचा उपयोग होतो? असं काही नागपुरात आहे का, ऑनलाइन आहे का, की आपणच चार जणांनी मिळून करायचं? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, घाई नाही.

जुना_भंडारा_रोड:
ताई, आधी अभिनंदन, सत्तर हजार शब्द म्हणजे छापून अडीचशे पानांच्या आसपास पुस्तक झालं, इथपर्यंत खूप कमी लोक पोचतात.

माझ्या दोन कादंबऱ्या आल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. तुम्हाला व्याख्यान नको आहे, तुम्हाला पूर्ण कादंबरी वाचणारी माणसं पाहिजेत. आणि इथेच बहुतेक कार्यशाळा कमी पडतात, त्यात शिकवणाऱ्यांचा दोष नाही, पद्धतच तशी आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली रायटर्स वर्कशॉप सुरू झालं आणि पुढे जगभर जी पद्धत पसरली त्यात प्रत्येकाने पंधरा-वीस पानं आणायची, बाकीच्यांनी ती आधी वाचून यायचं आणि मग टेबलाभोवती बसून चर्चा करायची. कथा असेल तर हे छान चालतं, कारण पंधरा पानांत कथा पूर्ण होते. कादंबरीचं काय होतं, माणूस दर वेळी पहिलं प्रकरण आणतो, ते घासून घासून चकचकीत करतो, आणि पान १४० वर जिथे गोष्ट बसली आहे तिथे कोणी पोचतच नाही. पहिलं प्रकरण अप्रतिम आणि पुढे सगळं ढेपाळलेलं अशी हस्तलिखितं मी बरीच वाचली आहेत.

म्हणून खर्डा झालेल्यांची कार्यशाळा म्हणजे पाच-सहा जण, महिन्याला एकाचीच कादंबरी, ती सगळ्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचून यायची आणि मग तीन तास फक्त तिच्यावर बोलायचं. पहिला तासभर तर 'हे आवडलं, ते नाही आवडलं' बोलायचंच नाही, फक्त काय वाचलं ते सांगायचं. ही गोष्ट कोणाची आहे, कुठे उत्सुकता वाढली, कुठे पानं उलटावीशी वाटली. लेखकाने मध्ये बोलायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. तुम्हाला वाटत असतं गोष्ट जॉबरची आहे आणि पाचपैकी चार जण म्हणतात बायकोची आहे, तर तेवढ्या एका गोष्टीने पुढचा अख्खा खर्डा बदलतो.

तोपर्यंत एक काम एकटीने करता येईल. प्रत्येक प्रकरणासाठी एका वहीत दोनच ओळी लिहा, या प्रकरणात कोणाला काय पाहिजे होतं आणि प्रकरण संपताना काय बदललेलं आहे. जिथे दुसरी ओळ लिहिता येत नाही तिथे बहुतेक अडलेलं असतं. सोबत सालांचा तक्ता करा, मिल १८७७ ची, म्हणजे तुमच्या जॉबरचा आजा-पणजाही तिथेच असू शकतो, पिढ्या आल्या की वयं हमखास चुकतात.

खामल्याची_लेक:
मी अजून पहिल्याच टप्प्यावर आहे, म्हणजे निम्मी कादंबरी, म्हणून माझ्या बाजूने सांगते. आमच्यासारख्यांना टीका अजिबात नको असते. अर्धवट लिहिलेलं कोणाला वाचायला दिलं आणि त्याने सहज म्हटलं की नायिका पटत नाही, तर हात थांबतो तो थांबतोच. आमच्या टप्प्याला पाहिजे तारीख आणि सोबत. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेला, एका महिन्यात (पुढे दर नोव्हेंबरमध्ये) ५०,००० शब्द लिहायचा उपक्रम चालायचा, रोजचे साधारण १,६६७ शब्द, नोकरी आणि घर सांभाळून ते आम्हाला काही जमणारं नव्हतं, पण त्यातली कल्पना आम्ही मैत्रिणींनी घेतली, रोज ३०० शब्द आणि रात्री ग्रुपवर फक्त आकडा टाकायचा, मजकूर नाही. ३०० ने वर्षाला लाखाच्या वर जातात हो! कोणी कोणाचं वाचत नाही आणि तरी सगळ्या लिहून राहिल्या आहेत.

आणि एक, शिबिरात सगळे एकत्र असण्याचा मला फायदा झाला. एका ज्येष्ठ लेखिकेने आपल्या छापलेल्या कादंबरीचं जुनं हस्तलिखित दाखवलं, पानंच्या पानं काट मारलेली. तोपर्यंत मला वाटायचं की मोठ्या लेखकांचं पहिल्यांदाच नीट उतरतं. त्यामुळे टप्पे अगदी वेगळे करून टाकू नका असं माझं म्हणणं.

जुना_भंडारा_रोड:
@खामल्याची_लेक हे पटलं. एखादं सत्र एकत्र असावंच, आणि ते असंच असावं, खोडलेली पानं दाखवणारं. बाकी वेळ मात्र वेगळे बसलेले बरे.

वाचक_राजापेठ:
अमरावतीहून. नागपुरात असाल तर झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात जात जा, १९२३ ची संस्था आहे, कार्यक्रम चालू असतात आणि मुख्य म्हणजे वाचणारी माणसं तिथे भेटतात. कार्यशाळा नसली तरी तुमचे पाच-सहा जण तिथूनच मिळतील. दुसरं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. पहिलंच पुस्तक असावं लागतं, म्हणून घाईने स्वखर्चाने काही छापून टाकण्याआधी मंडळाच्या वेबसाइटवर यंदाचे नियम बघून घ्या. राज्य वाङ्मय पुरस्कारातही प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे, तिथल्या कादंबरीच्या पुरस्काराला श्री. ना. पेंडसे यांचं नाव आहे.

गोळीबार_चौक:
सगळ्यांचे खूप आभार. भंडारा रोड दादा, दोन ओळींची वही काल रात्रीच सुरू केली. मिल बंद पडल्यानंतरच्या सलग तीन प्रकरणांत दुसरी ओळ लिहिता येत नाहीये. तिथे सगळे नुसते बसून आहेत, वाट बघत, आणि मीही त्यांच्यासोबत वाट बघत बसले आहे असं वाटलं.

अजून एक विचारायचं होतं. माझे संवाद आपल्या इकडच्या बोलीत आहेत, विणकर वस्तीतल्या. ऑनलाइन एका वर्गात दोन पानं वाचून दाखवली तर सांगण्यात आलं की हे प्रमाण मराठीत करा, बाहेरच्या वाचकाला जड जाईल. तेव्हापासून मन लागत नाहीये. घरचे आणि मैत्रिणी म्हणतात छान आहे, पण त्यांना सगळंच छान वाटतं.

वाचक_राजापेठ:
ताई, नका बदलू. उद्धव शेळके अमरावती जिल्ह्यातले, त्यांची 'धग' १९६० ची, त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात आणि ती कादंबरी सगळ्या महाराष्ट्राने वाचली, अजून वाचतात. त्यातल्या नायिकेचं, कौतिकचं बोलणं प्रमाण मराठीत करून बघा, ती बाई उरणारच नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे, की तुमची सगळी माणसं एकसारखीच बोलतात का. वऱ्हाडी वेगळी, नागपूर शहराची वेगळी, विणकरांची अजून वेगळी, आणि मिलमध्ये तर छत्तीसगडी, हिंदी, तेलुगू बोलणारेही असणार. जॉबर साहेबाशी कसा बोलतो, बायकोशी कसा, चहाच्या टपरीवर कसा? हे कार्यशाळेत तपासायचं असेल तर संवाद मोठ्याने वाचायचे, आणि तेही दुसऱ्याने वाचायचे. लेखक स्वतः वाचतो तेव्हा आवाजाने सगळं सांभाळून घेतो. दुसरा वाचताना जिथे अडखळतो तिथे खूण करा, मग बघा की बोलीमुळे अडखळला की वाक्यच कच्चं आहे.

धंतोली_बाग:
उशिरा लिहिते आहे, पण तिसऱ्या टप्प्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. माझी बरीच पुस्तकं झाली आहेत आणि मला विचाराल तर सगळ्यात एकटं माणूस दुसऱ्या-तिसऱ्या कादंबरीनंतर पडतं. नवीन होतो तेव्हा सगळे सांगायला तयार असतात, नंतर कोणी काही सांगत नाही, सत्कार करतात आणि शिबिरात शिकवायला बोलावतात. आपण तेच तेच लिहितो आहोत का, प्रत्येक कादंबरीत तीच सोशिक बाई आणि तोच अबोल बाप येतो आहे का, हे विचारायचं कोणाला? पूर्वी हे काम संपादक करायचे. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर लेखकासोबत किती बसायचे हे त्या पिढीतल्यांनी लिहून ठेवलं आहे. आता बऱ्याच ठिकाणी हस्तलिखित गेलं की थेट मुद्रितशोधनाला जातं. माझं ठाम मत आहे की ही संपादकाची जागा रिकामी झाली आहे आणि कार्यशाळांनी ती भरायला पाहिजे, सुरुवातीचे धडे पुस्तकांतही मिळतात. आमच्यासारख्यांसाठी एक दिवस असा ठेवावा की एका लेखकाच्या सगळ्या कादंबऱ्या ओळीने वाचलेला एक जाणकार समोर बसेल आणि स्पष्ट बोलेल. प्रेक्षक नकोत, फोटो नकोत.

दुसरा विषय कराराचा, तो तर सगळ्याच टप्प्यांवर शिकवला पाहिजे आणि कुठेच शिकवत नाहीत. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, लेखकाचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला लेखी दिले आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. पण करारात 'कायमचे' आणि 'सर्व माध्यमांत' असं छापून आलं आणि तुम्ही सही केली, तर मग कायद्याची ही पाच वर्षं कामाला येत नाहीत. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट-मालिका हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीवर, हिशोब वर्षातून कधी मिळणार, हेही आधीच विचारा. विचारल्याने कोणी पुस्तक नाकारत नाही, नाकारलं तर ते तुमच्या भल्याचंच.

@गोळीबार_चौक तुमच्या त्या तीन प्रकरणांबद्दल, ती लगेच कापू नका. मिल बंद झाल्यावर माणसं खरंच वाट बघत बसली होती, थकबाकीची, कोर्टाच्या तारखेची, कोणीतरी पुन्हा सुरू करेल याची. ती प्रकरणं खोटी नाहीत. पण नवरा बसलेला असताना बायकोचा हातमाग चालू आहे की नाही? घरात पैसा कोण आणतंय? मला वाटतं तुमची दुसरी ओळ तिच्याकडे आहे.

गोळीबार_चौक:
धंतोली ताई, हे वाचून मी किती वेळ तशीच बसून होते. माग चालू आहे, पहिल्या प्रकरणापासून चालू आहे, फक्त त्या तीन प्रकरणांत मी त्या खोलीत गेलेच नाही. आता ती तिन्ही तिच्या बाजूने पुन्हा लिहिते आणि मगच वाचायला देते.

मग गट करायचाच का? मी, भंडारा रोड दादा, आणि ज्यांचा खर्डा पूर्ण झालाय असे अजून तीन-चार जण. महिन्यातला एक रविवार, सीताबर्डीच्या आसपास कुठे जमलं तर मेट्रोने सगळ्यांना सोपं जाईल, एप्रिल-मे मध्ये मात्र ऑनलाइनच, भर दुपारी कोणी घराबाहेर पडणार नाही. खामल्याची लेक, तुझी पूर्ण झाली की तूही ये, तोपर्यंत त्या ३०० शब्दांच्या ग्रुपमध्ये मला घेशील का? हे पुनर्लेखन एकटीने होणार नाही.

खामल्याची_लेक:
घेतेच ना ताई, मेसेज करते. पुनर्लेखनाचे शब्द पण मोजू, चालेल.

जुना_भंडारा_रोड:
मी आहे. पहिल्या महिन्यात तुमचीच घेऊ. फक्त फाइल युनिकोडमध्ये पाठवा, श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलं असेल तर बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला, र्‍या आणि रफार हमखास बिघडतात. पानांना नंबर टाका, नाहीतर चर्चेत कोणतं पान तेच शोधत बसू. आणि वाचायला तीन आठवडे तरी द्या, अडीचशे पानं नोकरी करून नीट वाचायला तेवढे लागतात.