इस्तंबूलच्या हमामात पहिल्यांदाच जाताना: अंगावर काय ठेवायचं, कसं वागायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये मी, आई आणि नवरा इस्तंबूलला जातोय. हमामात, म्हणजे तिथल्या सार्वजनिक स्नानगृहात, जायची हौस आईलाच जास्त आहे, वय ६४. पण अनोळखी बायकांसमोर कपडे काढायचे म्हटलं की ती मागे सरते, आणि खरं सांगायचं तर मीही. अंगावर नेमकं काय ठेवता येतं? नवरा आमच्याबरोबर आत येऊ शकतो का? तिथल्या लोकांना वावगं वाटेल असं काय टाळायचं? चेंबेरलिताश, कलच अली पाशा आणि सुलेमानिये ही हमामांची नावं वाचली आहेत.

शेवंती
रानजाई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं इस्तंबूलमध्येच, उस्कुदारला होतो. शेजारच्या काकू मला त्यांच्या नेहमीच्या हमामात घेऊन जायच्या. त्यांनी जे शिकवलं तेच सांगते.

आधी आईंच्या संकोचाचं. आत गेल्यावर किल्ली, सपाता आणि पेश्तेमाल मिळतो. पेश्तेमाल म्हणजे पंचासारखं पातळ सुती वस्त्र, बहुतेकदा चौकड्यांचं. तो छातीपासून गुंडाळायचा. खाली निकर ठेवायची, बायकांच्या भागात बहुतेक जणी तेवढंच ठेवतात. अंगभर पोहण्याचा पोशाख मात्र नको, कारण केसे, म्हणजे घासायचा खरखरीत हातमोजा, उघड्या त्वचेवरच चालतो. घासायच्या वेळी पेश्तेमाल सोडून अंगाखाली अंथरतात, याची आईंना आधीच कल्पना दे. तिथे सत्तरीच्या आज्या असतात, बाळंतपणाच्या खुणा असलेल्या पोटांच्या बायका असतात, कोणी कोणाकडे टक लावून बघत नाही. हा तिथला सगळ्यात जुना शिष्टाचार, तो आपणही पाळायचा. कोरडी निकर बरोबर न्या, घातलेली चिंब भिजते.

नवरा बरोबर येणार नाही. चेंबेरलिताश हा जोडहमाम आहे. उस्मानी राजमाता नूरबानू सुलतानने बांधवून घेतला, १५८४ मध्ये पूर्ण झाला, रचना वास्तुशिल्पी मिमार सिनानची मानतात. बायकांचा आणि पुरुषांचा भाग शेजारी शेजारी, त्यामुळे तिघं एकाच वेळी जाऊ शकता. कलच अली पाशाला एकच गरम दालन आहे, दिवसा बायका आणि संध्याकाळनंतर पुरुष. सुलेमानियेला जोडपी आणि कुटुंबं एकत्र जातात, पण तिथे घासणारे पुरुष असतात. आईंचा संकोच बघता ते नाव यादीतून काढ. बायकांच्या भागात अंघोळ घालणारी बाईच असते, तिला नातर म्हणतात.

आता पाणी. काकू सगळ्यात कडक होत्या त्या याच बाबतीत. भिंतीलगत संगमरवरी कुंड्या असतात, त्यांना कुर्ना म्हणतात. कुर्न्याला तळाशी भोक नसतं. नळाचं पाणी त्यात पडतं आणि धातूच्या वाडग्याने, तासने, अंगावर घ्यायचं. भोकच नसल्यामुळे आत पडलेला साबणाचा एक थेंबही तिथेच राहतो, आणि त्याच पाण्यातून नंतर दुसरी कोणीतरी घेणार असते. म्हणून कुर्न्यात हात धुवायचे नाहीत, पाय बुडवायचे नाहीत, काठावर बसायचं नाही, साबण लागलेला तास आत घालायचा नाही. दुसरी बाई ज्या कुर्न्याशी बसली असेल त्यातलं पाणी न विचारता घ्यायचं नाही. अंगावर पाणी ओतताना शेजारणीवर शिंतोडे उडणार नाहीत एवढं बघायचं. ती कदाचित नमाजाला जायच्या तयारीत अंघोळ उरकत असेल.

घाई करू नका. आधी पाणी घेत घेत पंधरा-वीस मिनिटं घाम येऊ द्यायचा. मधोमध गरम संगमरवरी ओटा असतो, ग्योबेक ताशी, त्यावर पडून राहायचं. घासण्याआधी साबण लावायचा नाही, त्वचा बुळबुळीत झाली की केसे नुसता घसरतो. घाम नीट आला असेल तर मळाच्या करड्या वळ्या निघतात. त्या बघून आई ओशाळतील, त्यांना सांग की सगळ्यांच्याच निघतात आणि नातरला तेच काम चांगलं झाल्याचं चिन्ह वाटतं. मग ती कापडी पिशवीत हवा भरून फेस काढते आणि अंगभर पसरते. त्यानंतर केस धुते.

नातरसमोर अंग आखडून बसू नका. ती हात उचलते, दंडावर थोपटून कूस बदलायला सांगते, तसं करत जायचं. जोर जास्त वाटला तर "यावाश" म्हणायचं, म्हणजे हळू. ती लगेच हात हलका करते. ही बाई दिवसभर त्या वाफेत उभी राहून अंगमेहनत करते. आत आल्यावर तिला "मेरहाबा", म्हणजे नमस्कार, म्हणणं आणि उठताना तिच्याकडे बघून "तेशेक्कूरलेर", म्हणजे धन्यवाद, म्हणणं, एवढं तरी आपल्याकडून व्हावं. पैसे देऊन आलोय म्हणून तिच्यावर खेकसणारी प्रवासी मंडळी मी पाहिली आहेत, फार वाईट वाटायचं.

फोन कपाटातच ठेवायचा. याला कोणताही अपवाद नाही.

दर्यासारंग
नवरोबांसाठी पुरुषांच्या बाजूचं सांगतो. इथे नियम वेगळा आहे. पेश्तेमाल कमरेवरून कधीही सोडायचा नाही, अगदी ओट्यावर झोपल्यावरही नाही. घासणारा तेल्लाक गरजेपुरता तो वर-खाली सरकवतो आणि झाकलेला भाग आपला आपण धुवायचा असतो. उघडं होणं तिथे असभ्य समजतात. तेल्लाक हातपाय बऱ्यापैकी जोरात ओढतो, पाठ किंवा खांदा दुखत असेल तर सुरुवातीलाच हाताने दाखवा. बायकांच्या भागाच्या दाराशी घोटाळत थांबू नका, भेटायची जागा बाहेर रस्त्यावर ठरवा.

जमलं तर जाआलोलू हमामही बघा. सुलतान पहिल्या महमूदच्या काळातला, १७४१ चा, तिथेही दोन्ही भाग आहेत. त्याचं उत्पन्न आयासोफ्या मशिदीतल्या सुलतानाच्या ग्रंथालयासाठी लावून दिलेलं होतं. हमामाच्या पैशावर पुस्तकं सांभाळली जायची, ही गोष्ट मला फार आवडते.

निशिगंध
आईंना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. भरल्या पोटी नको, पाणी भरपूर प्या. गरगरलं तर लगेच बाहेरच्या थंड दालनात यायचं, तिथे कोणी हसत नाही. आदल्या दिवशी वॅक्सिंग करू नका, उन्हाने त्वचा भाजली असेल तर केसे टाळा. कॉन्टॅक्ट लेन्स आणि दागिने काढून ठेवा, धातू तापतो. पाळी सुरू असेल तर दिवस बदला.

रानजाई
खूप खूप आभार! आईला सगळं वाचून दाखवलं. निकर चालते म्हटल्यावर ती एकदम तयार झाली. बक्षिशीचं कसं करायचं? आणि तिचा गुडघा दुखतो, फरशी निसरडी असते का?

शेवंती
फरशी फार निसरडी असते, साबणाचं पाणी सतत वाहत असतं. पूर्वी लाकडी खडावा घालत, आता रबरी सपाता देतात. आईंच्या मापाच्या मागून घे, मोठ्या सपाता जास्त धोक्याच्या. ओट्यावरून उतरताना नातरचा हात धरायला सांग, ती स्वतःच पुढे करते.

बक्षीस ओल्या दालनात द्यायचं नाही. अंघोळ झाल्यावर बाहेरच्या दालनात कोरडं होऊन बसायचं, चहा घ्यायचा. तिथे कोणी "सिह्हातलेर ओल्सुन" म्हणेल, आरोग्य लाभो असा आशीर्वाद आहे तो, हसून आभार मानायचे. निघताना जिने अंघोळ घातली तिच्याच हातात द्या, शुल्काच्या दहा ते पंधरा टक्के, रोख आणि तुर्की लिरातच. परदेशी नाणी देऊ नका, तिला ती बदलून मिळत नाहीत. काही ठिकाणी सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं किंवा पाकीट ठेवलेलं असतं, म्हणून पैसे भरतानाच विचारून घे. आणि आईंच्या गुडघ्याचंही तिथेच सांग, म्हणजे त्यांना जपून हाताळणारी नातर देतील. शनिवार-रविवार सोडून सकाळची वेळ धर. गर्दी कमी असते, आईंना ओट्यावर निवांत पडता येईल.