फक्त पताकांचा भगवा रंग राखून उरलेले छायाचित्र कृष्णधवल कसे करावे?

प्रश्न
छंद म्हणून मी अलीकडे गिंप या मोफत संगणक-प्रणालीत छायाचित्रांचे संपादन शिकत आहे. दिवे घाट चढणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याच्या एका छायाचित्रात केवळ पताका भगव्या राहाव्यात आणि बाकी सारे कृष्णधवल व्हावे, अशी माझी इच्छा आहे. ह्यू-सॅच्युरेशन या रंगछटा व रंगाची तीव्रता बदलणाऱ्या साधनात लाल व पिवळा सोडून इतर रंगांचे सॅच्युरेशन पूर्ण उतरवले, तर वारकऱ्यांचे चेहरे आणि हातही रंगीत राहतात. लाल थोडा उतरवला, की पताकांच्या घड्या राखाडी पडतात. यावर उपाय कोणता?

प्रतिसाद १
त्वचा गोरी असो वा सावळी, तिची छटा नारिंगीच्या आसपासच पडते आणि भगवाही तिथलाच. त्यामुळे केवळ छटेवरून या दोहोंना वेगळे करणे जवळजवळ अशक्य आहे. निवड रंगावरून न करता जागेवरून करावी. मूळ लेअरची (चित्राच्या थराची) प्रत काढून वरची प्रत डीसॅच्युरेट म्हणजे रंगहीन करावी, तिला पांढरा लेअर मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) जोडावा आणि पताकांवर काळा ब्रश फिरवावा, म्हणजे तेवढ्याच भागात खालचा रंग दिसू लागतो. ब्रश बाहेर गेला, तर एक्स कळ दाबून पांढऱ्या रंगाने ते झाकता येते. काठीलगतची कड स्पष्ट असते, तिथे कडक ब्रश घ्यावा. फडफडणारे टोक धूसर आलेले असते, तिथे मऊ.

प्रतिसाद २
वरील पद्धत योग्यच आहे, परंतु माझ्या मते आधी कृष्णधवल चित्र उत्तम साधायला हवे, कारण चौकटीचा बहुतेक भाग तेच व्यापते. डीसॅच्युरेटमधील ल्युमिनन्स पर्यायात हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला ७ टक्के वजन मिळते. पावसाळ्यातला हिरवा डोंगर त्यामुळे उजळ होतो आणि चेहरे त्यापुढे काळवंडतात. मोनो मिक्सर (कृष्णधवल चित्रात प्रत्येक रंगाचा वाटा ठरवणारे साधन) वापरून लालचा वाटा वाढवावा, चेहरे लगेच खुलतात. पताकांचा रंग खालच्या लेअरमधून येत असल्याने त्यावर याचा काहीही परिणाम होत नाही.

आणखी एक बाब म्हणजे जेपीजीमध्ये रंगाची माहिती बहुधा आडव्या व उभ्या दिशेने निम्म्याच बारकाईने साठवलेली असते, म्हणून पताकेच्या कडेने आभाळावर नारिंगी किनार उमटते. मास्कची कड एक-दोन पिक्सेल आत घ्यावी. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असल्यास तिच्यापासूनच सुरुवात करावी.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पताकेखालच्या पांढऱ्या सदऱ्यांवर भगवी झाक आली आहे, ती काढावी का?

प्रतिसाद १
पूर्णपणे काढू नये. ती झाक गेली, की पताका वरून चिकटवल्यासारखी दिसते. त्या जागी काळ्या ब्रशची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) २० ते ३० टक्के ठेवून हलका हात फिरवावा. काम एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या स्वरूपातही जतन करावे, कारण जेपीजीत सारे लेअर एकत्र होतात आणि मास्क पुन्हा दुरुस्त करता येत नाही.