'चढ' की 'उतार'? भूमितीतला शब्द नेमका कुठला

कोथरूडची आई:
लेक दहावीला आहे, मराठी माध्यम. काल निर्देशक भूमितीत रेषेचा चढ काढत होती, बिंदू (१, ७) आणि (४, १), उत्तर आलं -२. तर म्हणे आई, ऋण चढ म्हणजे उतारच ना, मग सरळ उतार का नाही म्हणत? मी गप्प. आम्ही सूत्र पाठ करून मार्क घेतलेले, असले प्रश्न कुठे पडायचे. त्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आलेले मिस्त्री 'ढाळ' म्हणत होते, आणि सासऱ्यांना 'कल' शब्द आवडतो. हे सगळं एकच का?

निवृत्त गणितवाला:
ताई, कल बाजूला ठेवा. कल म्हणजे झुकलंय कुठे, निकालाचा कल, मनाचा कल. दहावीच्या मुलांची कलचाचणी व्हायची, ती काय भूमितीची नव्हती :) चढ ही संख्या आहे, वायमधला फरक भागिले एक्समधला फरक, म्हणजे एक घर उजवीकडे सरकलं की रेषा किती घरं वर जाते ते. तुमच्या लेकीच्या गणितात १ वजा ७ म्हणजे -६, भागिले ४ वजा १ म्हणजे ३.

हडपसरकर:
मला वाटतं खरी गोची बोलीतल्या चढ-उतारात आहे. दिवे घाट घ्या, सासवडला जाताना चढ आणि पुण्याला येताना तोच घाट उतार, म्हणजे आपण कुठल्या बाजूने चाललोय त्यावर शब्द बदलतो. गणितात तसं चालत नाही. (४, १) पासून उलटं मोजा, वर ७ वजा १ म्हणजे ६ येतील पण खाली १ वजा ४ म्हणजे -३ येतील, उत्तर परत -२ च. दोन्ही फरकांची चिन्हं एकदमच पालटतात. म्हणून एकच शब्द पक्का धरला आणि खाली जाण्याचं काम चिन्हावर सोडलं, नाहीतर 'ऋण उतार' म्हणजे चढ असली भानगड झाली असती.

गाडीवाला काका:
घाटाचं निघालंच आहे तर, कर्जत-लोणावळा रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोन काढला तर जेमतेम दीड अंश! तेवढ्याला बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात. अजून एक, लोकांना १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत वाटते, तो फक्त ४५ अंश असतो, कारण टॅन ४५ म्हणजे १, जितकं पुढे तितकंच वर. उभ्या भिंतीचा चढ सांगताच येत नाही, खाली शून्य येतो ना.

हडपसरकर:
काका भारी. आणि चढ हा पुल्लिंगी बरं का, चढण स्त्रीलिंगी. पर्वतीची चढण दमवते, पण रेषेची चढण कुणी म्हणत नाही. आणि दोन रेषांचे चढ सारखे तर त्या समांतर, तिथे कोणीच वरचढ नाही.

निवृत्त गणितवाला:
ढाळ राहिला. तो गवंडीकामातला, पाणी वाहून जावं म्हणून फरशीला दिलेला उतार, आडवा पाईप टाकतात तेव्हाही ढाळ बघतात. शब्द झकास आहे, पण ढाळ लागणे म्हणजे काय ते आजीला विचारा, वर्गात पोरं हसून हसून मेली असती.

कोथरूडची आई:
हाहा. मिस्त्री म्हणाले जाळीकडे १०० ला १ ढाळ दिलाय. लेकीने लगेच ०.०१ लिहून ठेवलं आणि आता चिन्ह कुठलं म्हणून मागे लागलीय.

हडपसरकर:
जाळी उजव्या हाताला येईल असं उभं करा तिला, ऋण. दुसऱ्या बाजूने उभी राहिली तर धन, कारण आता अक्षच फिरवले ना तिने.