एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) दिसला म्हणजे तारा तरुणच का?

आयसी १३९६ या नेब्युलाचा (वायू-धुळीच्या ढगाचा) डेटा बघतोय, आर वजा आय विरुद्ध आर वजा एच-अल्फा (म्हणजे वेगवेगळ्या फिल्टरमधल्या तेजातले फरक) असा ग्राफ काढला तर काही तारे मेन पट्ट्याच्या बरेच वर दिसतायत. सगळे टी टॉरी (अगदी तरुण तारे) धरायचे का?

> सरसकट नको रे. ६५६.३ नॅनोमीटरला, म्हणजे एच-अल्फालाच, एमिशन बीई ताऱ्यांनाही (गरम, भोवती वायूची चकती असलेले) असतं, आणि मधे येणारे जवळचे एम ड्वार्फ (छोटे, थंड, लाल तारे) पण फ्लेअर मारताना फसवतात. इन्फ्रारेड कलर बघ, धुळीची डिस्क असेल तर के बँडात (इन्फ्रारेडचा एक पट्टा) जादा उजेड येतो.

> डिस्क गेलेले वीक-लाइनवाले (एच-अल्फा कमकुवत असलेले टी टॉरी) त्यातनं निसटतील पण! स्पेक्ट्रम मिळाला तर ६७०.८ ला लिथियम शोध, एम ताऱ्यात ते लवकर जळून जातं त्यामुळे दिसलं की बऱ्यापैकी खात्री. आणि नेब्युलाचा स्वतःचा एच-अल्फा वजा केलास ना?

> केलाय, प्रत्येक ताऱ्याभोवतीच्या रिंगमधनं. लिथियमचं बघतो.