कधी विडीला हात न लावलेल्या बाईला फुफ्फुसाचा कॅन्सर: रिपोर्टसाठी थांबायचं का?

प्रश्न
वय ५२, अ‍ॅडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार), चौथी स्टेज. डॉक्टर म्हणतात, म्युटेशनचा (गाठीच्या जनुकांतल्या बदलांचा) रिपोर्ट येऊ दे. थांबणं बरोबर का? परळला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं तर काय न्यायचं?

उत्तर १
दम फार लागत नसेल तर थांबा. सिगारेट न ओढणाऱ्यांत ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल सापडण्याची शक्यता जास्त असते. सापडलं तर अनेकदा गोळीवर भागतं. घाईत आधी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं औषध) दिली आणि लगेच ऑसिमर्टिनिब (ईजीएफआरवरची गोळी) सुरू झालं, तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. एकेक टेस्ट करत बसू नका, बायोप्सीचा तुकडा संपतो. थेट एनजीएस (एकाच वेळी अनेक जनुकं तपासणारी टेस्ट) मागा. तुकडा अपुरा असेल तर रक्तावरची टेस्ट होते, पण ती निगेटिव्ह आली म्हणजे म्युटेशन नाही असं नव्हे.

उत्तर २
पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा बसवलेला), स्लाइड्स, बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, पेट-सीटीची सीडी (नुसता कागद नको). ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. मेंदूचा एमआरआय झालाय का? तोही विचारा.

उत्तर ३
ऑसिमर्टिनिब साधारण ८० मिग्रॅ, दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर. जेफिटिनिब (ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी) असेल तर अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच, तिच्यामुळे जेफिटिनिबचं शोषण कमी होतं. जुलाब, पुरळ, नखांच्या कडा सुजणं नेहमीचं. नवा कोरडा खोकला किंवा धाप मात्र त्याच दिवशी कळवा.

आणि "तंबाखू खायच्या का हो?" विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर द्यायलाच हवं असं नाही.