बडी हॉलीच्या घरगुती टेपा कोणत्या आवृत्तीत मिळतील? मदत हवी आहे

मंडळी, अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचं रेकॉर्डिंग जमवतोय. त्याच्या क्रिकेट्स या बँडबरोबरची गाणी सहज मिळतात, ती झाली. घोडं अडलंय ते शेवटच्या टेपांपाशी.

फेब्रुवारी 1959 मध्ये विमान अपघातात तो गेला. त्याआधी काही आठवडे न्यूयॉर्कच्या घरात त्याने अ‍ॅम्पेक्स टेपरेकॉर्डरवर नुसत्या गिटारवर गाणी भरली होती. ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ त्यातलंच. पुढे निर्माता जॅक हॅन्सनने त्यांवर वाद्यं आणि कोरस चढवला. मग हॉलीचा जुना निर्माता नॉर्मन पेटी याने फायरबॉल्स बँडला घेऊन पुन्हा वेगळी साथ भरली. म्हणजे एकाच गाण्याची तीन रूपं! कोरस ऐकू आला की हॅन्सनचं, एवढं मला कळतं. पण विकणारे फक्त गाण्यांची नावं टाकतात, आणि ऐकल्याशिवाय घ्यायचं कसं?

मला बिनसाथीची मूळ रूपं हवीत. 1979 चा सहा एलपींचा संच घ्यावा, की 2009 चा सहा सीडींचा? कोणाकडे यातला एखादा असेल तर आतल्या पुस्तिकेत साथीचा तपशील दिलाय का, तेवढं पाहून सांगाल का? फोटो टाकलात तर उत्तमच. सुटी सीडी सुचवलीत तरी चालेल; सगळा संच खिशाला जडच जाणार आहे.