टिकाऊ दप्तर सुचवा (चाकाचं नको)

रानफूल:
मुलगा तिसरीत आहे. आत्ताच्या दप्तराचा उजवा पट्टा वरून उसवलाय आणि मोठी चेन लावली की मागून उघडत येते. दर वर्षी हेच, वर्ष संपायच्या आत दप्तर बाद. निदान दोन वर्षं टिकेल असं काहीतरी सुचवा. बजेट बेताचंच आहे, फार भारीतलं नको. चाकाचं पण नको, वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे.

गुंडूची_आई:
आम्ही चाकाचंच घेतलं, एकदम बेस्ट. पाठीवर ओझं नाही, काही नाही. थोडं महाग जातं पण पोराच्या पाठीपुढे पैशाचं काय घेऊन बसायचं.

पायवाट:
सरळ ट्रेकिंगची सॅक घ्या. माझी कॉलेजातली अजून धडधाकट आहे, डोंगर, पाऊस, एसटीचं टप, सगळं झालंय तिचं. बजेट जरा वाढवा आणि एकदाच काय ते घेऊन टाका.

रानफूल:
@पायवाट तिला वरूनच तोंड असतं ना? एक वही काढायला सगळा पसारा बाहेर काढत बसेल तो.

पायवाट:
शिकतात हो मुलं. शिस्त लागते उलट.

निळी_शाई:
दप्तराला कशाला दोष देताय. आमचं दप्तर धाकट्या भावाने पण वापरलं. आताची पोरं घरात आली की दारातूनच भिरकावतात, तिथे लोखंडाचं आणलं तरी पोचा येईल.

गुंडूची_आई:
अगदी अगदी. चाकाचं भिरकावता येत नाही, हा पण एक फायदाच.

टाके_दोन:
बॅगा दुरुस्तीचं काम करतो म्हणून लिहितो, कंपनीचं नाव विचारू नका. माझ्याकडे येणारी बहुतेक दप्तरं दोनच कारणांनी येतात, चेन नाहीतर पट्टा, कापड फाटून फार कमी येतात आणि आली तर बुडाला घासून, कारण पोरं ओढत नेतात.

दुकानात गेलात की दप्तर उलटं करून आत हात घाला आणि शिवणीच्या कडा चाचपा. कडेवर पट्टी मारून शिवलेली असेल तर बरं, कापडाचे धागे मोकळे हाताला लागले तर ठेवून द्या खाली, ते धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत येतात आणि मग एक दिवस अख्खी बाजू उसवते. पट्टा वर जिथे जोडलाय तिथे चौकोन शिवून आत फुली मारलेली हवी, नाहीतर आडवा दाट टाका तरी हवा. नुसती एक सरळ शिवण असेल तर तिथेच जाणार. तुमचं तिथेच गेलंय बहुतेक.

चेनचा रनर उलटा करून बघा, मागे बऱ्याचदा नंबर असतो. ५ म्हणजे बारीक, पुढच्या कप्प्याला ठीक आहे. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० घ्या. हा नंबर म्हणजे चेन बंद असताना दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर.

दोनशेपानी:
१६८० डेनियरचं घ्या, विषय संपला.

टाके_दोन:
@दोनशेपानी नाही संपत. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम ते. धागा जाड आहे एवढंच कळतं त्यातून. घासण्याला नायलॉन पॉलिस्टरपेक्षा चिवट असतं, त्यामुळे कमी डेनियरचं चांगलं नायलॉन जाड पॉलिस्टरला भारी पडू शकतं. आणि कापड कितीही जाड असू द्या, दोरा कच्चा असेल तर काय उपयोग.

दोनशेपानी:
माझं १६८० चंच आहे, काही झालेलं नाही. मी अनुभवाचं बोलतोय.

टाके_दोन:
तुम्ही तिसरीत आहात का :)

सावळागोंधळ:
टिकाऊच्या नादात वजन विसरू नका कोणी. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास असावं म्हणतात, म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. चाकाचं दप्तर रिकामंच दीड किलोच्या घरात असतं, मग पुस्तकं काय हातात नेणार? जिना आला की शेवटी पाठीवर नाहीतर हातातच घ्यायचंय. आणि 'वाढत्या अंगाचं' म्हणून मोठं घेऊ नका, कमरेच्या खाली लोंबायला लागलं की पोरगं पुढे वाकून चालतं.

गुंडूची_आई:
आमचा गुंडू नेतो बरोबर वरपर्यंत. शिपाईमामा मदत करतात.

निळी_शाई:
म्हणजे पाठ शिपाईमामांची जाते.

कोपऱ्यातली_खुर्ची:
आमच्या दप्तराच्या आतून पांढरे पापुद्रे निघतात, सगळ्या वह्यांना चिकटतात. वॉटरप्रूफ म्हणून दिलं होतं दुकानदाराने, एका पावसाळ्यात वॉटरही गेलं आणि प्रूफही. कोणाला माहितीये का हे काय असतं? दर महिन्याला मशीनमध्ये धुते मी तर स्वच्छ.

टाके_दोन:
@कोपऱ्यातली_खुर्ची धुता म्हणूनच. आतलं कोटिंग सुटतंय. ओल, गरम पाणी आणि मशीनची घुसळण, तिन्हीने ते लवकर जातं. ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. पावसाला वरून घालायचं कव्हर घ्या, शिवणीतून आणि चेनमधून पाणी येतंच, वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी.

पायवाट:
ट्रेकिंगच्या सॅकला बऱ्याचदा कव्हर सोबतच येतं. परत सांगतो.

रानफूल:
सगळ्यांचे आभार. @टाके_दोन चेन मागून उघडते त्याला काही इलाज आहे का, की बादच?

टाके_दोन:
दात शाबूत असतील तर चेन बाद नाही, रनर झिजलाय. त्याचं तोंड सैल झालं की दात नीट अडकत नाहीत. पकडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबून बघा, जोर केलात तर चिरतो. तेवढ्यापुरतं चालतं, मग रनर बदलून घ्या, अख्खी चेन बदलायची गरज नसते. पट्ट्याचं मात्र अवघड आहे, कापडच जीर्ण झालं असेल तर नवीन शिवण धरणार नाही. नवीन घ्या हेच बरं.

गुंडूची_आई:
नवीनच घ्या हो ताई, जुन्यावर पैसे घालवू नका.

पायवाट:
+१ नवीन. सॅक.

रानफूल:
अपडेट. काल दोन दुकानं फिरलो. एकाला चेन ५ नंबरची, दुसऱ्याच्या आतल्या कडा मोकळ्या, आणि एक सगळं नीट असलेलं होतं ते बजेटच्या दुप्पट. दुकानदार म्हणाला मॅडम एवढं आत हात घालून कोणी बघत नाही. शेवटी काहीच घेतलं नाही, जुनंच दुरुस्त करून आणलं. रनर बदलला आणि पट्टा शिवून घेतला. वार्षिक परीक्षेपर्यंत निघालं तरी पुरे, मग बघू.

सावळागोंधळ:
एवढी चर्चा होऊन जुनंच!

टाके_दोन:
पट्टा नुसता जुन्या भोकांवरून शिवलाय की आतून दुसऱ्या कापडाचा तुकडा लावलाय? नुसता शिवला असेल तर महिनाभर.

रानफूल:
आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावलाय, मीच नेला होता घरून. वर फुली पण मारून घेतली. तो शिवणारा वैतागला जरा.

दोनशेपानी:
जीन्सचं डेनियर किती असतं?